हजार माणसांचा नकार

दिवाळीच्या फराळाला आम्ही दहा-बारा कुटुंबं जमलो होतो, अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उपनगरातल्या एका घरात. चकल्यांचं ताट फिरत होतं. कोणीतरी आदल्या शनिवारी वी-को-पा कसिनोत जाऊन आला होता. ते कसिनो ज्या जमिनीवर आहे ती फोर्ट मॅक्डॉवेल याव्हापाय नेशनची, म्हणजे एका आदिवासी राष्ट्राची आहे, अशी माहिती त्याने पुरवली. ‘राष्ट्र’ म्हटल्याबरोबर एकजण उसळला. "हजार माणसं असतील नसतील, आणि म्हणे राष्ट्र! आमच्या कोथरूडच्या सोसायटीत याहून जास्त मतदार आहेत." यजमानीणबाई म्हणाल्या, "असू द्या हो, बिचाऱ्यांवर अन्याय काय कमी झालाय?" त्यावर तिसऱ्याने निकाल लावला, "थोडक्यात काय, रिझर्वेशन इथेही आहेच." हशा पिकला, आणि गप्पा चिवड्यातले दाणे तळावेत की भाजावेत याकडे वळल्या.

मला तो हशाही खटकला आणि ती कीवही. मराठी कानावर ‘रिझर्वेशन’ पडलं की डोक्यात मंडल आयोग, जातीचा दाखला आणि मेडिकलची मेरिट लिस्ट एकदम उभी राहते. त्या वादात मी इथे शिरत नाही, कारण इथे त्याचा संबंधच नाही. इथला हा शब्द जमिनीचा आहे. सगळं गेल्यावर जी उरली, ती जमीन. याव्हापाय लोकांचा दावा सवलतीचाही नाही आणि भरपाईचाही नाही. उरलेल्या जमिनीचं काय करायचं ते आम्हाला विचारून करा, आणि आम्ही नाही म्हटलं तर ते ‘नाही’ मोजा, एवढाच तो आहे. माणसं हजारच आहेत हे तर या दाव्याच्या बाजूचंच कारण आहे. ज्यांची संख्या मोठी आहे त्यांना निवडणूक पुरते. ज्यांना कुठल्याही मतमोजणीत हरायचंच आहे, त्यांच्याकडे नकाराखेरीज दुसरं काय असतं?

आधी नकाशा पाहू. स्कॉट्सडेल मागे टाकून बीलाइन हायवेने ईशान्येला निघालं की व्हर्डी नदीच्या काठाने पसरलेला हा मुलूख लागतो. सगळा मिळून 100 चौरस किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात 45 अंशांवर भाजून निघणाऱ्या या माळात नदीलगत कॉटनवूडच्या झाडांची हिरवी रेघ दिसते, आणि पूर्वेला फोर पीक्सची चार शिखरं. त्या डोंगराचं याव्हापाय नाव वी-को-पा. कसिनोच्या पाटीवर ते तिथूनच आलं. सरकारी दप्तरात मात्र या लोकांची नोंद विसाव्या शतकात बहुतेक काळ ‘मोहावे-अपाची’ अशी होती. ते मोहावेही नाहीत आणि अपाचीही नाहीत. त्यांची भाषा यूमन कुळातली, अपाचींची अथाबास्कन. म्हणजे मराठी माणसाला शंभर वर्षं ‘मद्रासी’ म्हणून नोंदवावं, तसला प्रकार.

एकेकाळी मध्य ऍरिझोनाचा 90 लाख एकरांहून मोठा टापू त्यांचा होता. सोन्याच्या शोधात खाणवाले आले, त्यांच्या पाठोपाठ 1865 मध्ये व्हर्डीकाठी लष्कराचं ठाणं आलं. 28 डिसेंबर 1872 रोजी सॉल्ट नदीच्या दरीतल्या एका गुहेत आसऱ्याला बसलेल्या सत्तरहून अधिक याव्हापायांना सैनिकांनी गोळ्या घालून मारलं. त्यात बायका होत्या, पोरं होती. त्या जागेचं इंग्रजी नाव पुढे ‘सांगाड्यांची गुहा’ असं पडलं, यावरून काय ते समजावं. 1875 च्या फेब्रुवारीत उरलेल्यांना, टोंटो अपाचींसह साधारण 1,400 जणांना, डोंगर-नद्या तुडवत 180 मैलांवरच्या सॅन कार्लोस रिझर्वेशनवर हाकलत नेलं. पोहोचेपर्यंत शंभरावर माणसं कमी झाली होती. पाव शतकाने काही जण परत आले. ठाणं तोवर ओस पडलं होतं. 15 सप्टेंबर 1903 रोजी थिओडोर रूझवेल्टने एका आदेशाने ती जागा त्यांच्यासाठी राखली.

इथे विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे, आणि तो बहुतेक समर्थक लपवतात. कित्येक जमातींनी अमेरिकेशी रीतसर तह केले होते. त्या तहांत त्यांनी काही जमीन दिली आणि काही स्वतःकडे राखली. 1905 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट म्हटलं की तहाने इंडियनांना, म्हणजे इथल्या आदिवासींना, हक्क मिळत नाहीत, त्यांच्याकडून सरकारला मिळतात. याव्हापायांजवळ असा मंजूर झालेला तह नाही. त्यांच्याकडे आहे तो राष्ट्राध्यक्षाच्या सहीचा कागद. मग ही बक्षिसी नाही का? बक्षिसी म्हणायची तर आधी बाकीच्या 90 लाख एकरांचं काय केलं ते सांगावं लागतं. तह झाला नाही, म्हणजे त्यांनी ती जमीन कोणालाही लिहून दिली नव्हती. 1960 च्या दशकाअखेर जमातींचे दावे ऐकणाऱ्या सरकारी आयोगासमोर त्याची तडजोड झाली, तेव्हा हिशेब एकराला साधारण अर्ध्या डॉलरवर आला. अख्खा वाडा बळकावून गोठ्याची किल्ली परत करणाऱ्याला आपण दाता म्हणत नाही.

आता ऑर्म धरणाकडे येतो, कारण सगळा वाद तिथे कसाला लागतो. 1968 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कोलोरॅडो नदीचं पाणी 336 मैलांच्या कालव्याने मध्य आणि दक्षिण ऍरिझोनात आणायचा प्रकल्प मंजूर केला. त्यात सॉल्ट आणि व्हर्डी या नद्यांच्या संगमावर एक धरण होतं. ते झालं असतं तर या रिझर्वेशनची निम्म्याहून कितीतरी अधिक जमीन पाण्याखाली जाणार होती, आणि गेली असती ती नेमकी नदीकाठची, कसायची, पूर्वजांच्या थडग्यांची. सरकारने सुमारे 3 कोटी 30 लाख डॉलर देऊ केले. सप्टेंबर 1976 मध्ये जमातीने मतदान घेतलं. विकू नये, 144. विकावी, 57.

त्या 57 जणांना मी नावं ठेवणार नाही. तेव्हा तिथे कसिनो नव्हतं, गरिबी होती, आणि 3 कोटी 30 लाखांना काही शेकड्यांनी भागणं कोणालाही जमतं. मला नवल वाटतं ते 144 जणांचं.

धरणाच्या बाजूने जे बोलत होते ते काही राक्षस नव्हते. वाळवंटातलं शहर, पाणी परराज्यांशी भांडून आणलेलं, ते साठवायचं कुठे? त्यात 1978 ते 1980 या दोन वर्षांत सॉल्ट नदीला एकामागोमाग पूर आले. फेब्रुवारी 1980 मध्ये तर फिनिक्स परिसरात नदीवरचे दोन पूल सोडून बाकी सगळे बंद होते. एरवी कोरडं ठणठणीत पात्र, आणि ते ओलांडायला माणसं तासनतास गाड्यांत अडकून पडलेली. पंधरा लाख लोकांचा जिल्हा एका बाजूला आणि काहीशे याव्हापाय दुसऱ्या बाजूला. तुम्ही त्या रांगेत अडकला असतात तर कोणाच्या बाजूने मत दिलं असतंत? मी माझ्यापुरतं खरं सांगतो. मी बहुधा धरणाच्या बाजूनेच बोललो असतो, आणि वर ‘त्यांना चांगला मोबदला द्यावा’ अशी पुस्ती जोडून स्वतःला सज्जन समजलो असतो.

सप्टेंबर 1981 मध्ये शंभरेक याव्हापाय तीन दिवस चालत, 32 मैल तुडवून फिनिक्सच्या विधानभवनावर गेले. त्यात म्हातारी माणसं होती. त्यांच्या आज्यांना सॅन कार्लोसला चालवत नेलं होतं, आणि या वेळी ती आपल्या पायांनी उलट दिशेला, सत्तेच्या दारात निघाली होती. 12 नोव्हेंबर 1981 रोजी रेगन सरकारचे गृहखात्याचे मंत्री जेम्स वॉट यांनी ऑर्म धरण बाद केलं. (अमेरिकेत गृहखातं म्हणजे पोलीस नव्हे, तर जमीन, जंगल, पाणी आणि आदिवासी.) वॉट हे काही पर्यावरणवाद्यांचे लाडके नव्हते, उलटच होतं. शिवाय निर्णय एकट्या मोर्च्याने झाला असंही नाही. संगमाजवळ बाल्ड ईगलची घरटी होती, त्यांचा कायदा आड येत होता, खर्चाचे हिशेब होते, देशभरच्या वर्तमानपत्रांचं लक्ष होतं. जमातीचा नकार कायद्याने बंधनकारक नव्हता. तो मोजायलाच लावला, एवढंच म्हणता येईल.

पण पुढे काय झालं? फिनिक्स तहानेने मेलं का? कालव्याचं पाणी साठवायला अगुआ फ्रिया नदीवर न्यू वॉडेल धरण बांधलं. सॉल्टवरच्या जुन्या रूझवेल्ट धरणाची उंची 77 फुटांनी वाढवली, पुराचा बंदोबस्त तिथे झाला. 1990 च्या दशकात दोन्ही कामं पुरी झाली. आज एकट्या फिनिक्स शहरात 16 लाख माणसं आहेत, आसपासचा पसारा धरला तर 45 लाखांच्या वर. म्हणजे ज्या धरणाला पर्याय नाही असं बजावून सांगितलं जात होतं, त्याला पर्याय होता. तो शोधायची गरज अभियंत्यांना तोवर पडली नव्हती, कारण सगळ्यात स्वस्त जागा सगळ्यात दुबळ्या माणसांची होती. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याशी होतो तो सौदा नव्हे, पंचनामा. त्याच्या जमिनीची खरी किंमत कधी कळतच नाही, आणि मग ‘विकासाचा हिशेब’ म्हणून आपण जो मांडतो तोही खोटा ठरतो.

एक गंमत सांगायची राहिली. रिझर्वेशनला खेटून फाउंटन हिल्स नावाचं गाव आहे. एका उद्योगपतीने वाळवंटात वसवलेलं. प्लॉट खपावेत म्हणून 1970 मध्ये त्याने तिथे एक कारंजं उभारलं, पूर्ण दाबाने सोडलं तर 560 फूट उडणारं. अजूनही दर तासाला पंधरा मिनिटं ते उडतं. आता तळ्यात सांडपाणी शुद्ध करून सोडतात, हेही सांगायला हवं. भारतातून आईवडील आले की आम्ही सगळे त्यांना ते दाखवायला नेतो आणि फोटो काढतो. पाण्यासाठी तुमची जमीन बुडवावीच लागेल असं ज्या वर्षांत याव्हापायांना सांगितलं जात होतं, त्याच वर्षांत कुंपणापलीकडे पाणी असं हवेत उडत होतं.

हे सगळं वाचताना मला मुळशी आठवते, आणि मराठी माणसाला ती आठवायलाच हवी. 1921 मध्ये मुळा-निळेच्या संगमावर टाटांचं धरण येत होतं, मुंबईच्या विजेसाठी. ‘जान किंवा जमीन’ म्हणत मावळे आडवे झाले, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि 1924 पर्यंत सगळं संपलं. धरण झालं. मावळच्या माणसांत व्हर्डीकाठच्या माणसांपेक्षा धैर्य कमी होतं का? संख्या कमी होती का? संख्या तर कैक पटींनी जास्त होती. फरक एवढाच की 1894 च्या भूसंपादन कायद्यात सरकारला खातेदार दिसत होते, समाज दिसत नव्हता. ज्याची त्याची नोटीस, ज्याचा त्याचा मोबदला. एकत्र येऊन ‘आम्ही सगळे नाही म्हणतो’ असं सांगायला त्या लोकांना कायद्यात जागाच नव्हती. फोर्ट मॅक्डॉवेलला ती होती. तिथे परिषद होती, मतदार यादी होती, 144 विरुद्ध 57 असा आकडा कागदावर होता. राष्ट्रपण म्हणजे व्यवहारात हेच. झेंडा आणि मोटारीच्या नंबरपाट्या नंतर येतात.

यावर फराळाच्या त्याच घरात मला एक बिनतोड वाटणारा प्रश्न विचारला गेला. आपण साडेपाचशेवर संस्थानं विलीन केली, 1971 मध्ये तनखेही बंद केले. मग अमेरिकेने पावणेसहाशेच्या आसपास चिमुकली राष्ट्रं पोटात का वागवावीत? तुलना वरवर झकास आहे. पण संस्थान खालसा झालं तेव्हा सत्ता राजाकडून निघून रयतेकडे आली. इथे राजा कोण? सत्ता आधीच रयतेची आहे. विलीनीकरणाने ती छोट्या रयतेकडून काढून मोठ्या रयतेला दिली जाईल. आणि हा प्रयोग अमेरिकेने करून पाहिलेला आहे, एकदा सोडून दोनदा. 1887 च्या डॉज कायद्याने सामाईक जमिनी माणशी वाटून टाकल्या. 1934 पर्यंत जमातींकडची जमीन 13 कोटी 80 लाख एकरांवरून 4 कोटी 80 लाखांवर आली. 1953 मध्ये ‘टर्मिनेशन’चं धोरण आलं, जमातींचा दर्जाच काढून घ्यायचा. विस्कॉन्सिनमधल्या मेनोमिनींवर ते लागू झालं आणि सधन म्हणून गणली जाणारी ती जमात काही वर्षांत कंगाल झाली. 1973 मध्ये काँग्रेसने स्वतःच तो दर्जा परत दिला.

समतेचा मुद्दा अधिक अवघड आहे. एकाच राज्यात जन्मलेल्या दोन माणसांना पूर्वजांवरून वेगळे कायदे का? 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर उत्तर दिलं की हा भेद वंशाचा नसून राजकीय सदस्यत्वाचा आहे. उत्तर कायद्याला पुरतं, मनाला पुरतंच असं नाही. तरी एक इतिहास लक्षात ठेवावा. 1924 च्या कायद्याने सगळे इंडियन अमेरिकेचे नागरिक झाले, पण ऍरिझोनाने त्यांना मत दिलं नाही. 1928 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ते ‘पालकत्वाखाली’ आहेत, वेडसर माणसं असतात तसे. ही अडचण मोडली ती फोर्ट मॅक्डॉवेलच्याच दोघांनी, फ्रँक हॅरिसन आणि हॅरी ऑस्टिन यांनी, 1948 मध्ये. मत मागायला आले तेव्हा ‘तुम्ही वेगळे’, आणि जमीन राखायला उभे राहिले तेव्हा ‘सगळे समान’. हे तत्त्व आहे की सोय?

कसिनोबद्दल थोडक्यात. जुगाराचं कौतुक मला नाही. त्यात बुडालेली माणसं, आपल्यातलीही, मी पाहिली आहेत. शहराला चिकटून असलेली जमात श्रीमंत होते आणि दरीखोऱ्यातली कोरडी राहते हेही खरं. पण 12 मे 1992 च्या पहाटे एफबीआयने त्यांच्या कसिनोवर धाड घालून जुगाराची 349 यंत्रं ट्रकांत भरली आणि याव्हापायांनी आपल्या गाड्या आणि बांधकामाची यंत्रं रस्त्यात आडवी लावून ते ट्रक तीन आठवडे अडवून धरले, तेव्हा राज्य सरकार काय नीतीसाठी झगडत होतं? ऍरिझोना स्वतः 1981 पासून लॉटरी विकत होतं. 2002 च्या सार्वमतानंतर तर राज्य आणि गावं कसिनोच्या उत्पन्नात टक्केवारीने वाटा घेतात, आणि दूरच्या जमातींना आपल्या वाट्याची यंत्रं दुसऱ्या जमातीला भाड्याने देता येतात. 2021 पासून व्यावसायिक क्रीडासंघांनाही सट्ट्याचे परवाने मिळाले. शनिवारी कसिनोत जायचं आणि रविवारी त्यांना फुकटे म्हणायचं, एवढं तरी करू नये.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. छोटं राष्ट्र आपल्याच माणसावर अन्याय करू शकतं. सदस्य कोण हे जमात ठरवते, कितीतरी ठिकाणी रक्ताच्या हिश्शाने, पाव, अष्टमांश. ज्याचं आडनाव सांगताच जात काढली जाते अशा समाजातून आलेल्या मला हा अपूर्णांक वाचताना अंगावर काटा येतो. 1978 मध्ये सांता क्लारा पुएब्लो या जमातीतल्या एका आईने, मुलांना सदस्यत्व नाकारलं म्हणून, सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने सांगितलं, यात आम्ही पडणार नाही. कायदा म्हणून ते सुसंगत आहे, त्या आईसाठी नाही. पण मग हा निर्णय बाहेरच्याने घ्यावा का?

बाहेरच्याने घेतला की काय होतं, त्याचंही उदाहरण याच नदीकाठी आहे. 1871 च्या सुमारास वासाजा नावाचा पाच वर्षांचा एक याव्हापाय मुलगा शेजारच्या जमातीने पळवून नेला आणि एका इटालियन छायाचित्रकाराला 30 डॉलरला विकला. तो शिकागोत डॉक्टर झाला, कार्लोस माँटेझुमा या नावाने. रिझर्वेशन म्हणजे तुरुंग, असं तो आयुष्यभर म्हणत राहिला. विरोधक त्याचं हे म्हणणं मोठ्या आनंदाने उद्धृत करतात. त्याचा राग इंडियन ब्यूरोवर, म्हणजे आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यावर होता, पालक म्हणून डोक्यावर बसवलेल्या साहेबांवर. जमिनीवर नव्हता. 1910 च्या सुमारास व्हर्डीकाठच्या लोकांना सॉल्ट रिव्हर रिझर्वेशनवर हलवायचा बेत झाला, तेव्हा त्यांच्यासाठी वॉशिंग्टनशी भांडला तो हाच माणूस. क्षयाने पोखरलेला, 1922 च्या डिसेंबरात तो शिकागोहून आगगाडीने इकडे आला आणि 31 जानेवारी 1923 रोजी फोर्ट मॅक्डॉवेलला काटक्याकुटक्यांच्या एका खोपटात गेला. तिथेच त्याला पुरलं आहे. त्याआधी त्याने सॅन कार्लोसच्या नोंदवहीत आपलं नाव घालावं म्हणून अर्ज केला होता. इंडियन ब्यूरोने तो नामंजूर केला.